ठाण्याहून स्कीइंगला: सलग पाच दिवस बर्फावर कसे मिळवायचे

काश्मीर किंवा मनालीच्या तयार सहलीत 'स्कीइंग' म्हणून बहुतेकदा अर्धा दिवस असतो. भाड्याचे गमबूट, आधीच कुणीतरी भिजवलेला कोट, पायात दहा मिनिटं स्की, चार फोटो आणि गाडी परत हॉटेलकडे. एवढ्यात स्कीइंग येत नाही. पहिला दिवस उभं राहण्यात आणि पडून उठण्यात जातो. दुसऱ्या दिवशी थांबता येतं, वळणं जमायला तिसरा-चौथा उजाडतो. पाचव्या दिवशी उतारावरून आपल्या आपण खाली येता येतं, आणि खर्च त्या दिवसासाठीच करायचा असतो. म्हणून आधी दिवस मोजा, ठिकाण मग ठरवा.

गुलमर्ग धरलं तर नोकरदाराला हे पाच रजांत बसतं. शनिवारी सकाळचं विमान, संध्याकाळपर्यंत गुलमर्ग. रविवारी विश्रांती आणि सामान भाड्याने घेणं. सोमवार ते शुक्रवार बर्फावर. दुसऱ्या शनिवारी खाली श्रीनगरला मुक्काम, रविवारी परत. दोन्ही टोकांचे दिवस हातचे आहेत. बर्फवृष्टीने रस्ता अडला किंवा विमान रद्द झालं तर तेच उपयोगी पडतात, त्यामुळे त्यांत दल लेक आणि पहलगाम कोंबू नका. तिकीट काढताना विमानतळाचा कोड पाहा: एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे मुंबई. जाताना एकीकडून आणि येताना दुसरीकडे असं तिकीट घाईत सहज निघतं, आणि मग रात्री घोडबंदर रोडवर पोहोचायला भलताच फेरा पडतो.

कधी जायचं? नाताळच्या सुट्टीत नको. काश्मीरमधला कडाक्याचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्ला-ए-कलां, २१ डिसेंबरला सुरू होतो, पण थंडी आली म्हणजे बर्फ आलाच असं नाही. २०२४ मध्ये जानेवारी संपत येईपर्यंत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून ९ ते १२ मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. शिवजयंतीची, १९ फेब्रुवारीची सुट्टी कामाच्या दिवशी येत असेल आणि तुमच्या ऑफिसला ती असेल, तर रजा चारच लागतात. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र याच दिवसांत असतात. घरात तसं मूल असेल तर बेत पुढच्या वर्षावर टाका.

ठिकाण

पहिल्यांदा जाणाऱ्याला आमचं मत सरळ गुलमर्गच्या बाजूने आहे. गाव सुमारे २,६५० मीटरवर, श्रीनगर विमानतळापासून साधारण ५५ किलोमीटर, आणि नवशिक्यांचे सौम्य उतार गावालाच लागून. बर्फ असताना तंगमर्गच्या पुढचे १३ किलोमीटर साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच चढते. श्रीनगरहून टॅक्सी ठरवताना भाडं तंगमर्गपर्यंतचं की थेट हॉटेलपर्यंतचं, हे आधी विचारून घ्या. नाहीतर तंगमर्गला बॅगा उतरवून पुन्हा घासाघीस करावी लागते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

उत्तराखंडातलं औली देखणं आहे, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगमचे स्की अभ्यासक्रम तिथे चालतात. पण ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याचं ज्योतिर्मठ (पूर्वीचं जोशीमठ) सुमारे २५० किलोमीटर घाटरस्ता आहे. त्यात पूर्ण दिवस जातो, म्हणजे नऊ दिवसांत पाच बर्फाचे बसत नाहीत, अकरा धरा. ज्योतिर्मठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद झाला, तेव्हा वर रस्त्यानेच जायचं असं धरून चाला. मनालीजवळचं सोलंग शिकायला बरं आहे, पण पर्यटकांची गर्दी उतारावरच असते. शिमल्याजवळचं नारकंडा शांत आहे, उतार छोटा. शिमल्याला जाणारच असाल तर दोन दिवस तिथे घालवावेत, त्यासाठी मुद्दाम जाऊ नये.

स्वस्त आणि शिस्तीचा मार्ग हवा असेल तर गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांच्या अभ्यासक्रमांना अर्ज करा. राहणं, जेवण, सामान आणि प्रशिक्षक एकत्र मिळतात. मात्र दिवस जास्त लागतात आणि जागा लवकर भरतात.

आठ आठवडे आधी: जिना उतरा

स्कीइंगमध्ये मांड्या भरून येतात, कारण गुडघे वाकवलेल्या स्थितीत स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. उतार उतरताना नेमकं हेच होतं. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना याचा सराव फुकट आहे: लिफ्टने विसाव्या मजल्यावर जा आणि जिन्याने उतरा. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग वाढवत चार, आठवड्यातून तीनदा. पाऊल आपटायचं नाही, अलगद टेकवायचं. जोडीला भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, ३० सेकंदांपासून ९० पर्यंत, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. रविवारी येऊर, पारसिक किंवा खारघरची टेकडी. चढताना दम लागतो तो वेगळा फायदा, पण खरी तयारी उतरताना होते. निघण्याआधीचे चार दिवस पायांना विश्रांती द्या.

स्की की स्नोबोर्ड

पाच दिवसच असतील तर स्की. स्कीवर पहिल्या दिवशीच थोडं सरकता येतं. स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधलेल्या एकाच फळीवर, पहिले दोन दिवस गुडघे, माकडहाड आणि मनगटं सडकून निघतात, मग एकदम जमतं. शिवाय नवशिक्यांच्या उतारावरची ड्रॅग लिफ्ट दांड्याने ओढत नेते. बोर्डवर आडवं उभं राहून ती पकडणं हे वेगळंच कौशल्य आहे. तरीही बोर्डच हवा असेल तर मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड घरूनच न्या. पडताना मुठी मिटा आणि कोपरापासूनचा हात टेकवा. तळहात पसरून टेकवला की मनगट मोडतं. कोणता पाय पुढे ठेवायचा ते घरी ठरवा: मोजे घालून गुळगुळीत लादीवर धावत येऊन घसरा, पुढे जाईल तो तुमचा पुढचा पाय.

बूट

इथे एक तास घालवा. स्की जुनी असली तरी चालतं, बूट चुकीचा असला तर पाचही दिवस वाया जातात.

घरी कागदावर टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय, संध्याकाळी. स्कीबूटचा नंबर म्हणजे हीच लांबी: २६.३ भरली तर २६.५. दुकानात आतला मऊ अस्तर-बूट काढून पाय नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात घाला. बोटं पुढे टेकली असताना टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर फट हवी. तीन असेल तर बूट मोठा. मग अस्तर परत बसवा, एकच मोजा घाला, टाच मागे आपटून बसवा आणि घोट्यावरचे बकल आधी लावा, पंजावरचे शेवटी आणि सैलसर. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ती सुटली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. चालायच्या बुटाच्या मानाने हे घट्टच वाटणार. तो घट्टपणा सोसत नाही म्हणून लोक मोठा बूट घेतात, मग पाय आत सरकतो, स्की ऐकत नाही आणि बकल आवळून आवळून पाय बधिर होतो. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घालणाऱ्यांचंही तेच होतं: रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतो.

स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, पडताना बूट सोडतं. ते किती जोर आल्यावर सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून लावतात. भाड्याने देणारा न विचारताच बूट अडकवायला लागला तर थांबवा आणि वजन खरं सांगा. जास्त आवळलं तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बूट बाइंडिंगमध्ये नीट बसत नसेल तर बहुतेक वेळा तळाला बर्फ चिकटलेला असतो. काठीच्या टोकाने खरवडून मग टाच दाबा, 'खट्' आवाज आला की बसला. नवशिक्याला हनुवटी ते नाक एवढ्या लांबीची स्की पुरते. नेहमीच्या बुटाचा नंबर अकराच्या वर असेल तर आधी फोन करून बूट आहेत का ते विचारा. हेल्मेट नाही म्हणणाऱ्या दुकानातून सामान घेऊ नका.

कपडे आणि खाणं

सुती काही नको. सुती बनियन घामाने भिजतं ते दिवसभर वाळत नाही. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. पँट विकत घ्याच, बसून-पडून आधी तीच भिजते. हातमोजे दोन जोड. ढगाळ दिवशी एस-१ (फिकट) आणि लख्ख उन्हात एस-३ (गडद) काचेचा गॉगल. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. ओठांना दिवसा एसपीएफवालं बाम, रात्री कोकम तेल. खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेवा, तेही आतल्या खिशात, बाहेर ते दगड होतात.

खोली ठरवताना हीटर आणि वीज गेल्यावरची सोय विचारा. बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) किंवा कांगडी (निखाऱ्यांची टोपली) असेल तर खिडकीची फट उघडी ठेवा आणि झोपण्याआधी कांगडी बाहेर काढा, बुखारी विझवा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

बर्फावरचे पाच दिवस

समुद्रसपाटीवरून एका दिवसात २,६५० मीटरवर आलेलं शरीर पहिले दोन दिवस मंद चालतं. पाणी भरपूर, दारू नाही, डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. प्रशिक्षक पाचही दिवस एकच ठेवा. भाव रोजचा, तासांसकट ठरवा, सामानाचं भाडं वेगळं. पर्यटन विभागाचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा, त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही.

पडल्यावर उठायचं कसं हे पहिल्या तासात शिकून घ्या: दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीराच्या खालच्या बाजूला, मग गुडघे पोटाशी घेऊन वर. स्की खालच्या दिशेला रोखलेल्या असतील तर उठता उठताच घसराल. त्यानंतर स्की समोर जुळवून मागे फाकवायच्या, म्हणजे स्नो-प्लाऊ, आणि त्यात थांबणं. वळताना वजन बाहेरच्या पायावर. भीतीने अंग मागे जातं आणि नेमकी तेव्हाच स्की पळते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे का, एवढं एकच तपासत राहा. ड्रॅग लिफ्टच्या दांड्यावर बसू नका, त्याला फक्त टेका.

गंडोल्याची, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेची, पहिले तीन दिवस गरज नाही. चौथ्या दिवशी प्रशिक्षक म्हणाला तर पहिल्या टप्प्याने कोंगदोरीपर्यंत. तिकीट ऑनलाइन, आधीच. दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. तिथून खालचा बहुतेक भाग दाबून तयार केलेला उतार नाही, उघडा डोंगर आहे. तिथे हिमस्खलनात माणसं गेली आहेत, २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीतही. ३० ते ४५ अंशांचे उतार, मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि जोराचा वारा हे सगळ्यांत धोक्याचं. वाटाड्या, बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरायचा सराव यांपैकी एक जरी कमी असेल तर तिथून स्की करत उतरू नका. विमा काढताना हिवाळी खेळ समाविष्ट आहेत का आणि तयार उताराबाहेरचा अपघात वगळलाय का, या दोन ओळी शोधून वाचा.

परतीचं विमान दुपारचं घ्या आणि श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोहोचा, तपासणी फाटकापासूनच सुरू होते. घरी आल्यावर बॅग तशीच माळ्यावर टाकू नका. आपल्या दमट हवेत ओलसर हातमोज्यांना आठवड्यात बुरशी धरते. दोन दिवस पंख्याखाली उलटे करून वाळवा, आणि जॅकेट धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने पाणी अडवण्याचा गुण जातो.