लंडनमधील राहत्या घराखाली तळघर: अर्जापूर्वीची तयारी

राहत्या घराखाली तळघर काढायचे ठरले की बहुतेक घरमालक आधी वास्तुविशारदाकडे नकाशा मागतात. लंडनमध्ये, जिथे भिंतीला भिंत लावून घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या आहेत, हा क्रम उलटा ठेवावा असे माझे ठाम मत आहे. आधी जमीन, पाणी आणि शेजाऱ्याचा पाया यांचा अभ्यास पुरा करावा आणि त्यातून जेवढे तळघर सुरक्षित ठरेल तेवढ्याचाच नकाशा काढावा. तिथल्या बरो कौन्सिलांचे, म्हणजे शहराच्या एकेका विभागाच्या पालिकांचे, नियमही याच प्रश्नांवर बेतलेले आहेत, त्यामुळे हा अभ्यास टाळून केलेला नियोजन परवानगीचा अर्ज बहुधा त्याच ठिकाणी अडतो.

प्रथम आपले घर ज्या बरोच्या हद्दीत येते, तिची सध्या लागू असलेली स्थानिक योजना आणि तिला जोडलेली तळघरांविषयीची मार्गदर्शिका मिळवावी. शेजारच्या बरोत चालते म्हणून आपल्याकडे चालेल असे गृहीत धरू नये. केन्सिंग्टन अँड चेल्सी या बरोच्या 2015 पासूनच्या धोरणानुसार तळघर सर्वसाधारणपणे एकाच मजल्याचे असावे लागते, ते बागेच्या निम्म्याहून अधिक भागाखाली पसरता येत नाही, आणि बागेखालच्या भागावर किमान 1 मीटर मातीचा थर ठेवावा लागतो. कॅम्डेन बरोच्या 2017 च्या योजनेतही एक मजला आणि निम्मी बाग या मर्यादा आहेत, शिवाय तळघराचे क्षेत्रफळ मूळ घराने व्यापलेल्या जागेच्या दीडपटीहून कमी असावे अशी अट आहे. घर वारसा यादीत आहे का, हे याच टप्प्यावर तपासावे, कारण अशा इमारतीखाली खोदाईच करू नये अशी भूमिका केन्सिंग्टन अँड चेल्सीने घेतली आहे आणि तसे असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

त्यानंतर जमिनीची तपासणी. लंडनच्या मोठ्या भागात खाली लंडन क्ले ही घट्ट चिकणमाती आहे आणि थेम्सच्या जुन्या पात्रांच्या पट्ट्यात तिच्यावर वाळू-खडीचा थर आहे. पाणी त्या खडीतून वाहते आणि चिकणमातीवर अडून राहते. तळघराची भिंत त्या वाटेत आडवी आली की एका बाजूला पातळी चढू शकते, आणि ती बाजू शेजाऱ्याची असू शकते. म्हणून बोअर नियोजित फरशीच्या बऱ्याच खालपर्यंत घ्यावेत, त्यांत पाणी मोजण्याच्या नळ्या बसवाव्यात आणि नोंदी पावसाळी महिने धरून पुरेसा काळ घ्याव्यात. चिकणमातीत नळीतली पातळी स्थिर व्हायलाच वेळ लागतो, त्यामुळे बोअर घेतल्या दिवशीच्या एका नोंदीवर कोणताही निष्कर्ष काढू नये. फ्लीट, टायबर्न, वेस्टबोर्न या जुन्या नद्या आता गटारांतून वाहतात. त्यांच्या मूळ खोऱ्यात आपला प्लॉट येतो का, हेही जुन्या नकाशांवरून पाहावे.

या नोंदी हाती आल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दोन हिशेब लेखी मागावेत. पहिला पाण्याच्या उचलीचा: पाण्याची पातळी स्लॅबच्या, म्हणजे तळघराच्या काँक्रीटच्या फरशीच्या, तळापेक्षा 2 मीटर वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 2 टन दाब खालून वर येतो, आणि केवळ स्लॅबच्या वजनाने तो पेलायचा तर काँक्रीट 80 सेंटिमीटरहून जाड लागेल. घराखालच्या भागावर घराचे वजन असते, बागेखालच्या भागावर ते नसते. म्हणून या भागाचा हिशेब वेगळा मागावा. दुसरा हिशेब मातीच्या फुगण्याचा: 3 मीटर खोदले की चौरस मीटरमागे 5 ते 6 टन माती उचलली जाते, आणि ओझे हटलेली चिकणमाती अनेक वर्षे हळूहळू वर येत राहते.

शेजाऱ्यांच्या बाबतीतली तयारी सर्वांत काटेकोर हवी. भूजल, जमिनीचे स्थैर्य आणि पृष्ठभागावरचे पाणी या तिन्हींवर तळघराचा काय परिणाम होईल, याचा अहवाल कॅम्डेन मागते, आणि त्याची तपासणी अर्जदाराच्या खर्चाने त्रयस्थ अभियंत्यांकडून करून घेते. शेजारच्या घराला होऊ शकणारी हानी बर्लंड श्रेणीत, म्हणजे तड्यांवरून इमारतीची हानी ठरवणाऱ्या मापात, 1 च्या वर जाऊ नये, म्हणजे तडे ढोबळमानाने 1 मिलिमीटरच्या आतच राहावेत, अशी तिची अपेक्षा आहे. ही अट मला पूर्णपणे रास्त वाटते. तळघराचा लाभ एकाला आणि तडे दुसऱ्याला, हे कोणत्याही परवानगीने योग्य ठरत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या घरातील प्रत्येक खोलीची छायाचित्रांसह नोंद करावी आणि दोघांनी तिच्यावर सह्या कराव्यात. भिंतींवर मोजणीच्या खुणा बसवाव्यात, आणि किती हालचाल दिसली की काम थांबवायचे तो आकडा आधीच कागदावर आणावा. पायाखाली टप्प्याटप्प्याने, साधारण 1 मीटर रुंदीच्या तुकड्यांत अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली खोदून नवा, खोल पाया घालणे) करायचे असेल, तर तुकड्यांचा क्रम दाखवणारा आराखडाही जोडावा.

नियोजन परवानगी मिळाली म्हणजे सामाईक भिंतीचा कायदा सांभाळला गेला असे होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजारच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत तिच्या पायाहून खोल खोदायचे असेल तर एक महिना आधी नोटीस द्यावी लागते, आणि सामाईक भिंतीखालीच काम असेल तर दोन महिने आधी. 14 दिवसांत लेखी संमती आली नाही तर वाद उभा राहिला असे मानले जाते आणि सर्व्हेअर नेमावे लागतात. हा अवधी वेळापत्रकात सुरुवातीलाच धरावा.

झाडांसाठी साधा नियम हाताशी ठेवावा: खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानले जाते, म्हणजे 50 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाभोवती 6 मीटर. उजेडासाठीची लाइटवेल, म्हणजे तळघराच्या खिडकीसमोर खणलेली उघडी जागा, शक्यतो मागच्या बाजूला घ्यावी. रस्त्याकडे ती तेव्हाच दाखवावी, जेव्हा त्या ओळीतल्या घरांना तशी परंपरा आहे.

तळघरात कोणी झोपणार आहे का, हे मात्र आधी स्पष्ट करावे. इंग्लंडच्या नियमांत तळघरातील स्वतंत्र निवास पुराच्या दृष्टीने अतिधोक्याच्या वर्गात येतो आणि पूरक्षेत्र 3 मध्ये, म्हणजे पुराची शक्यता सर्वाधिक असलेल्या भागात, त्याला परवानगी मिळत नाही. झोपण्याची खोली असेल तर वरच्या मजल्यावर थेट जाणारा जिना दाखवावा. वॉटरप्रूफिंगसाठी बाहेरचा थर, जलरोधक काँक्रीट आणि आतली निचऱ्याची पोकळी या तिन्हींपैकी किमान दोन एकत्र वापरावेत असे मी सुचवेन. पोकळी असेल तर तिच्यातले पाणी उपसणाऱ्या पंपाखेरीज बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवा, आणि गटाराच्या जोडणीवर पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह तर हवाच.

शेवटी वाहतुकीचा आराखडा. 60 चौरस मीटरचे तळघर 3 मीटर खोदले तर 180 घनमीटर माती निघते, मोकळी झाल्यावर ती साधारण एक तृतीयांशाने वाढून 240 घनमीटर होते, आणि 8 घनमीटरच्या ट्रकने नेल्यास 30 फेऱ्या होतात. काँक्रीट आणि लोखंडाच्या गाड्या याखेरीज. ट्रक कुठे उभा राहील, शाळा सुटण्याच्या वेळी तो रस्त्यावर असेल का, माती वाहून नेणारा कन्व्हेयर पट्टा पदपथावरून गेला तर व्हीलचेअर कुठून जाईल, आवाजाचे काम किती वाजता थांबेल आणि तक्रार आल्यास फोन कोण उचलेल, एवढ्यांची उत्तरे अर्जासोबत लेखी द्यावीत आणि त्याची एक प्रत अर्ज दाखल करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना हातात नेऊन द्यावी.