गिझरला स्मार्ट स्विच लावायच्या आधी

पोवई नाक्यावरच्या दुकानात जायच्या आधी स्टूल घेऊन बाथरूममध्ये जा आणि गिझरच्या बुडाशी किंवा पोटावर चिकटवलेली पट्टी वाचा. वाचता येत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा. आपल्याला वॉट हवेत. साठवणीचा गिझर बहुधा २००० वॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. तीन लिटरचा इन्स्टंट बहुतेक ३००० वॉटचा, म्हणजे १३. तेव्हा स्मार्ट प्लग, म्हणजे सॉकेट आणि गिझरची पिन यांच्या मधे बसणारा, मोबाइलच्या अॅपवरून चालू-बंद होणारा प्लग, १६ अँपिअरचाच घ्या. १० चा टीव्हीला ठीक आहे.

मी गेल्या हिवाळ्यात १० चा आणला होता. नऊ दहात बसतात की, हा माझा हिशेब. गिझरची मोठी पिन त्यात जाईना, तर मधे कन्व्हर्टर लावला. पिन जात नाही हीच खरं तर सूचना होती, पण हौसेला कोण अडवणार! तीन आठवड्यांनी पहाटे जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कन्व्हर्टर उपटला तर एका भोकाभोवती तपकिरी कडं आणि पिनेवर काजळी. आमच्या वायरमननं तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, मिक्सर दोन मिनिटं चालतोय. गिझर अर्धा तास ओढत बसतोय."

तुमच्याकडे गिझरची वायर पिनेशिवाय थेट डीपी स्विचमध्ये (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मोठा स्विच) गेली असेल तर प्लगचा काही उपयोग नाही. तिथं स्मार्ट स्विच किंवा पेटीच्या आत बसणारं मॉड्यूल लागतं, आणि त्याला न्यूट्रल लागते. डीपीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आलेल्या असतात, त्यामुळे तिथं अडत नाही. जुन्या घरांतल्या साध्या बोर्डात मात्र बऱ्याचदा फेजच सापडते. डीपी काढून टाकू नका. स्मार्ट स्विच बहुधा एकटी फेज तोडतो, दुरुस्तीच्या वेळी दोन्ही तुटलेल्या बऱ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) याच फेरीत तपासून घ्या, वायरमन आलेलाच आहे.

आता खुद्द गिझर. गोल नॉब आणि एक-दोन लाल-हिरवे दिवे असलेला साधा गिझर वीज आली की मुकाट तापायला लागतो. डिजिटल आकडे आणि रिमोट असलेल्यांपैकी बरेच वीज परत आली तरी बटण दाबेपर्यंत झोपून राहतात. म्हणजे अॅपमध्ये 'चालू' आणि नळाला गार पाणी. याची परीक्षा फुकट होते: गिझर तापत असताना मेन दोन मिनिटं बंद करा, पुन्हा लावा. आपणहून तापायला लागला तरच पुढं जा. गिझर फार तापला की वीज तोडणारा कटआउट उडालेला असला तरी अॅपमध्ये 'चालू'च दिसतं, हेही ध्यानात असू द्या. गॅस गिझरवाल्यांनी या फंदात पडू नये. तो पाण्याच्या दाबावर आणि दोन सेलवर पेटतो.

इंग्लंडात लीड्सला असलेल्या भाच्याचंही रडगाणं हेच निघालं. तिकडं घर तापवायच्या बॉयलरला स्मार्ट थर्मोस्टॅट लावतात. काही बॉयलरना नुसतं चालू-बंद समजतं, काही ओपनथर्म नावाच्या भाषेत पाणी किती तापवायचं तेही ऐकतात, आणि काहींना आपल्याच कंपनीचा थर्मोस्टॅट लागतो. कमी व्होल्टच्या जोडणीत चुकून २३० व्होल्ट गेले तर बॉयलरचं सर्किट बोर्ड जळतं. त्याला म्हटलं, आधी पट्टी वाच.

वेळ लावताना अंदाजावर जाऊ नका. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० ला न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं, २००० वॉटला एकवीस मिनिटं. पण व्होल्टेज १८० वर आलं की तोच गिझर साधारण १२२५ वॉटच देतो आणि चौतीस मिनिटं घेतो. मळ्यातल्या घरात हे नेहमीचं. एकदा घड्याळ लावून दिवा विझेपर्यंतची मिनिटं मोजा, त्यात पाच मिळवा.

गच्चीवर सोलर असून टाकीत बॅकअप कॉइल असेल तर स्मार्ट स्विचचा खरा फायदा तिथंच आहे. पाहुणे आलेत म्हणून कॉइल लावायची, विसरायचं आणि सकाळी उन्हाला तापवायला काही उरतच नाही. पहाटे अर्धा तास, तोही ढगाळ दिवसांतच, एवढं ठरवून टाका.

वाय-फायचं थोडक्यात: बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात, तेव्हा राउटरवर तो बँड चालू ठेवा आणि बाथरूमच्या भिंतीशी उभं राहून रेंज बघा. इंटरनेट नसताना वेळापत्रक चालतं का, ते दुकानातच विचारा. लाइट जाऊन आल्यावर स्विच कोणत्या स्थितीत यावा अशी सेटिंग असते, ती 'बंद'वर ठेवा. नाहीतर तुम्ही सांगलीला लग्नाला आणि इकडं गिझर दोन दिवस तापतोय.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बटण कुठं हाय ते दाव आदी." या वेळचा स्विच हातानंही दाबता येतो असा बघून घेतला आणि डीपीच्या शेजारी, तिच्या खांद्याच्या उंचीवर बसवला.