माउंटन बाइकचे पेडल आणि बूट घेताना या चुका टाळा

उतारावर आपण सीटवरून उठलेलो असतो. शरीराचं जवळजवळ सगळं वजन दोन पेडलवर येतं. तरीही सस्पेन्शनसाठी महिनाभर डोकं खाजवणारी माणसं पेडल आणि बूट दहा मिनिटांत उरकतात, तेही वेगवेगळ्या दिवशी, एकाचा दुसऱ्याशी मेळ न बघता. माझ्या लेखी पेडल आणि बुटाचा तळ ही एकच वस्तू आहे, फक्त दोन तुकड्यांत मिळते.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उत्तम फ्लॅट पेडल (बूट न अडकणारे सपाट पेडल, पकडीसाठी त्यावर धातूच्या छोट्या पिना असतात) आणि त्यावर पळण्याचे बूट. या बुटांचा तळ जाड फोमचा, पुढून वर वळलेला. पेडलवर जोर दिला की तो दबतो, पाऊल पेडलभोवती वाकतं आणि तासाभरात तळव्याला मुंग्या येतात. खडकावर धक्का बसला की तोच फोम उसळतो, पाय सुटतो आणि पिना नडगीत घुसतात. ट्रेकिंगच्या बुटांचा तळ ताठ असतो, पण त्याच्या खोल नक्षीत पिना कशाही अडकतात, पाऊल हवं तिथे बसत नाही. फ्लॅटसाठी तळ सपाट हवा, रबर मऊ आणि चिकट, आतून मात्र बऱ्यापैकी ताठ. नडगी सोलली म्हणून पिनाच काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका, बूट बदला.

पेडल धातूचंच हवं हा हट्टही सोडा. नायलॉनच्या बॉडीचे चांगले पेडल दगडावर आपटूनही टिकतात. बॉडीपेक्षा मी पिना आणि बेअरिंग आधी बघतो.

आता क्लिपवाले पेडल, म्हणजे ज्यात बूट अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पूर्वी बोटांवर पिंजरा आणि पट्टा असे, त्याला टो-क्लिप म्हणत. ती गेली म्हणून या प्रकाराला क्लिपलेस नाव पडलं, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी एसपीडी हा क्लिपवाल्या पेडलचा प्रकार आणला. त्याची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा आणि पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा, दोन बोल्टची आणि तळात आत बसलेली असते, त्यामुळे उतरून चालता येतं. रोड सायकलचे तीन बोल्टचे बूट दिसायला देखणे, पण दगडावर घसरतात. ते घेऊ नका.

माझा सगळ्यांत जास्त जीव जळतो तो क्लीटच्या बोल्टवर. आमच्यातल्या एकाने नवे बूट आणले आणि निघायच्या आधी, गाडीच्या डिकीवर बसून, घाईघाईत क्लीट लावल्या. मी विचारलं, नीट आवळल्यास ना? म्हणाला, घट्ट आहेत रे. पाऊण तासाने एका दगडी चढावर त्याचा वेग संपला. त्याने टाच बाहेर वळवली, पाय फिरला, पण क्लीट तिथेच. एक बोल्ट वाटेत गळून पडला होता. उरलेल्या एका बोल्टभोवती बूट नुसता गोल फिरतो, क्लीट वळतच नाही आणि पेडलची स्प्रिंग उघडत नाही. तो उभ्या उभ्या उजवीकडे आडवा झाला आणि मनगट मोडलं. आम्ही बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढला. बूट पेडललाच लटकत होता. स्प्रिंगचा ताण पूर्ण सैल करून, स्क्रूड्रायव्हरने उचकटून तो सोडवला.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. बोल्टला ग्रीस लावतो, दोन्ही बोल्ट आळीपाळीने ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतो आणि क्लीटच्या कडेने मार्करने रेघ ओढतो. रेघेवरून क्लीट सरकली की लगेच दिसतं. पहिल्या राइडनंतर पुन्हा आवळतो. बॅगेत ४ मिमीची ॲलन की आणि एक जादा बोल्ट कायम असतो. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि लोक नेमकी हीच पाच मिनिटं वाचवतात.

क्लीट अगदी बोटांकडे लावणं ही रोडवाल्यांकडून उचललेली खोड. पेडलचा आस चवड्याखाली किंवा थोडा मागे आला तर उतारावर टाच खाली दाबता येते आणि पोटरी कमी दमते. गुडघा दुखायला लागला तर आधी क्लीटचा कोन तपासा.

एका कंपनीची क्लीट दुसऱ्या कंपनीच्या पेडलमध्ये बसेल असं गृहीत धरू नका.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावला की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात आणि पेडलच्या हौसेपायी क्रँकचा खर्च पडतो. पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडल आवळले जातात, एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीचे चार-पाच फेरे हातानेच बसले पाहिजेत. अडलं तर काढा, पुसा, ग्रीस लावा, पुन्हा बसवा.

पहिल्याच महिन्यात क्लिप लावायची घाई मला पटत नाही. क्लिपमुळे मागचं चाक पाय ओढून उचलता येतं, आणि उडी मारायचं खरं तंत्र शिकायचंच राहून जातं. एक मोसम फ्लॅटवर काढा. मग क्लिप घ्या, स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी ठेवा आणि भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा, सोडवा. शिमानोची एसएच५६ ही क्लीट अनेक दिशांनी सुटते, म्हणून नवख्यांना सोयीची वाटते. मी मात्र फक्त टाच वळवल्यावर सुटणारी एसएच५१ लावतो, कारण उडीच्या मध्यात पाय सुटलेला मला नको असतो.