आधी ओव्हन लावा: सॉसेज आणि भाजलेल्या भाज्यांचा पास्ता

कामावरून घरी आलं की पर्स खाली ठेवायच्या आधी मी ओव्हन लावते, २२० अंश सेल्सिअसवर. हातपाय धुणं, कपडे बदलणं, मुलाची शाळेची गाऱ्हाणी, सगळं त्यानंतर. हे जेवण पाऊण तासात पानात पडतं ते या एका सवयीमुळे. ओव्हन नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं घेतो आणि तेवढ्यात भाज्या चिरून होतात. चिराचिरी उरकून मग ओव्हन लावलात, तर तेवढाच वेळ ओट्याशी नुसतं उभं राहायचं आणि तोवर पोरं बिस्किटांवर भूक मारून मोकळी.

चार माणसांसाठी मी घेते ते असं: ३५० ग्रॅम आखूड पास्ता, ४०० ग्रॅम कच्चे सॉसेज, दोन ढोबळ्या मिरच्या (लाल किंवा पिवळ्या, हिरवी भाजल्यावर कडवट लागते), एक मोठी झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी), दोन लाल कांदे, पाव किलो चेरी टोमॅटो, लसणाच्या सहा पाकळ्या सालासकट, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा बडीशेप, चिमूटभर चिली फ्लेक्स, ५० ग्रॅम पार्मेझान (कडक इटालियन चीज) आणि अर्धं लिंबू. बेझिलची पानं असली तर छानच, पण तेवढ्यासाठी पुन्हा जिना उतरायची गरज नाही.

पास्ता पेन्ने, रिगातोनी किंवा फुसिली यांपैकी कोणताही चालेल. स्पॅगेटी मात्र इथे नको. लांब शेवया काट्याला गुंडाळून वर येतात आणि भाज्या, सॉसेज सगळं ताटलीच्या तळाशी उरतं. नळीच्या किंवा पिळाच्या पास्त्यात टोमॅटोचा रस अडकतो, लहान तुकडेही आत शिरतात.

सॉसेज घेताना वेष्टनावरचा मजकूर वाचा. काही कच्चे असतात, काही आधीच शिजवलेले किंवा धुरी दिलेले. मला कच्चे आवडतात, कारण त्यांचं वरचं आवरण सुरीने उभं चिरून सोलता येतं आणि आतल्या खिम्याचे बोटाने चिमटून ओबडधोबड गोळे घालता येतात. अक्रोडाएवढे, त्याहून मोठे नकोत. गुळगुळीत चकतीपेक्षा अशा खडबडीत गोळ्याला कडा जास्त, म्हणजे खमंग भागही जास्त. शिजवलेले सॉसेज असतील तर तिरप्या जाड चकत्या करा आणि शेवटच्या दहा-बारा मिनिटांतच ट्रेमध्ये टाका, नाहीतर चामट होतात. इटालियन धाटणीच्या सॉसेजमध्ये पुष्कळदा बडीशेप असतेच. तसं असेल तर वरून घालू नका.

भाज्या आधी चिरा, सॉसेजला हात नंतर लावा. म्हणजे फळी आणि सुरी मध्येच घासत बसावं लागत नाही. ढोबळी मिरची आणि झुकिनी साधारण इंचभर मोठी हवी. कांद्याचा देठाकडचा भाग कापून टाका, पण मुळाकडचा राहू द्या आणि मग उभे आठ भाग करा. मुळाशी जोडलेल्या पाकळ्या सुटत नाहीत. सुट्या झालेल्या पातळ पाकळ्या मात्र सगळ्यात आधी करपतात.

आता ट्रे. सगळी मेख इथे आहे. घरात असेल तो सर्वांत मोठा, बसक्या काठाचा ट्रे घ्या, आणि भाज्या एकावर एक चढत असतील तर सरळ दोन ट्रे घ्या. झुकिनीत तर शंभरातले जवळजवळ पंच्याण्णव भाग पाणीच असतं. हे पाणी पृष्ठभागावर आहे तोवर भाजीचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आणि तांबूस रंग व भाजका वास यायला सुरुवात होते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. ट्रे दाटीवाटीने भरला की वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही, भाज्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात आणि शेवटी हाती येतो तो फिकट, गिजगिजीत ऐवज. मग लोक म्हणतात, आमचा ओव्हन चांगला नाही. ओव्हन बिचारा ठीक असतो. म्हणूनच धुतलेल्या भाज्या फडक्याने कोरड्या पुसायच्या, तेल, पाऊण चमचा मीठ आणि चिली फ्लेक्स हाताने चोळायचे, आणि तुकड्यांमध्ये बोटभर तरी जागा सोडायची. बेकिंग पेपर घातला तर ट्रे घासायला सोपा जातो, पण धातूला थेट टेकलेली बाजू जास्त खरपूस होते, म्हणून मी घालत नाही. रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापत ठेवला तर आणखी चांगलं. भाज्या पडताना चर्र आवाज आला पाहिजे.

मिरची, झुकिनी, कांदा आणि लसूण आत गेले की लगेच पास्त्याचं पाणी झाकण घालून तापत ठेवा. दहा मिनिटांनी ट्रे बाहेर काढा, भाज्या उलथून घ्या, मधल्या मोकळ्या जागांत सॉसेजचे गोळे ठेवा, टोमॅटो अख्खेच टाका, बडीशेप हाताने चुरडून भुरभुरा, आणि ट्रे परत आत. आता अजून पंधरा ते अठरा मिनिटं. सॉसेजची चरबी सुटते ती भाज्यांना लागते, म्हणून सुरुवातीला तेलाचा हात सढळ नको. गोळे शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नका, रंग फसवतो. सगळ्यात मोठ्या गोळ्याच्या मध्यात थर्मामीटर खुपसा: डुकराच्या मांसाचे सॉसेज असतील तर ७१ अंश, कोंबडीचे असतील तर ७४.

पाण्याबद्दल जुना नियम असा की १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि लिटरमागे १० ग्रॅम मीठ. मी दोन्ही थोडं कमी करते. अडीच-तीन लिटर पाण्यात ३५० ग्रॅम पास्ता आरामात शिजतो आणि पाणी कमी म्हणजे त्यात उतरलेला स्टार्च दाट, जो आपल्याला पुढे हवाच आहे. मीठ लिटरला ७ ग्रॅम पुरे, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट. पाण्यात तेल घालायचं नाही. माझी नणंद घालते आणि त्यावरून आमचं दर वेळी वाजतं. तेल पाण्यावर तरंगत राहतं, पास्ता चिकटायचं थांबवत नाही. चिकटतो तो पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, वरचा स्टार्च सुटतो तेव्हा. तेवढा वेळ ढवळत राहिलं की काम झालं.

ट्रे दुसऱ्यांदा आत गेल्यावर चार-पाच मिनिटांनी पास्ता उकळत्या पाण्यात सोडा. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलेली असतील तर ९ मिनिटांनी एक नळी चावून बघा. मध्ये बारीकशी कणी राहिलेली हवी, कारण पुढची दोन मिनिटं तो भाज्यांबरोबर शिजणार आहे. गाळण्याआधी मोठा मगभर पाणी काढून ठेवा. हे विसरायला होतं, म्हणून मी मग चाळणीतच ठेवून देते. चाळणी उचलली की तो हातात येतोच. गाळलेला पास्ता नळाखाली धरू नका. त्याच्या अंगावरचा स्टार्च धुतला गेला की रस त्याला धरत नाही.

ट्रे बाहेर आला की भाज्या आणि सॉसेज पास्त्याच्या भांड्यात ओता. ट्रेच्या तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते सिंकमध्ये जाऊ देऊ नका. गरम ट्रेवर पास्त्याचं अर्धी वाटी पाणी घाला, लाकडी उलथन्याने खरवडा आणि तो रस भांड्यात. लसणाच्या पाकळ्या सालीतून पिळून काढा, आत लोण्यासारखा मऊ गर असतो. काही टोमॅटो चमच्याच्या पाठीने चेचा. आता मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट भांडं हलवत राहा, लागेल तसं पाणी घालत. आधी तेल वेगळं, पाणी वेगळं दिसतं, मग रस मिळून येतो आणि पास्त्यावर चकाकी येते. तिथे गॅस बंद.

चीज गॅस बंद केल्यावरच. अगदी बारीक किसलेलं, दोन हप्त्यांत, ढवळत. भांडं उकळत असताना घातलं तर चीजमधली प्रथिनं आवळून बसतात आणि चमच्याला दोर लागतात. मग लिंबू, मग बेझिल, आणि चव घेऊन सगळ्यात शेवटी मिठाचा निर्णय. बहुधा लागत नाही.

माझा नवरा मांस खात नाही. त्याच्यासाठी छोट्या ट्रेमध्ये मशरूम आणि उकडलेले छोले, तीच बडीशेप आणि चिली फ्लेक्स लावून, त्याच वेळी भाजून घेते, आणि पास्ता दोन भांड्यांत वाटून कालवते. पार्मेझान बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरतात. हेही न चालणाऱ्यांनी वेष्टनावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज बघून घ्यावं.

इतर भाज्याही चालतात. ब्रोकोली आणि फ्लॉवर उत्तम, पण तुरे फार बारीक नकोत. वांगं तेल पितं आणि अर्धवट भाजलं तर दाताखाली रबरी लागतं, त्याला वेळ द्या. गाजर किंवा लाल भोपळा घालायचा तर दहा-पंधरा मिनिटं आधी आत ढकला. पालक ट्रेमध्ये नकोच. गरम पास्त्यात ढवळला की तिथेच मरगळतो.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना पॅनमध्ये दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये सॉसेज टणक होतात. आणि पाहुणे आहेत म्हणून प्रमाण दुप्पट करणार असाल तर ट्रे दोन घ्या, अर्ध्या वेळात त्यांच्या वरच्या-खालच्या जागा बदला, आणि ओव्हनला पाच-सात मिनिटं जास्त द्या. पास्ता त्या हिशेबाने उशिरा टाका.