लोटस ४९ : आधी सांधा, मग रंग

माझा हात सोन्याचा. जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीच्या माडीवर बसून एकोणतीस वर्षं नथी, पाटल्या, पोती घडवल्या. आता अमळनेरला घरीच असतो, आणि त्याच चिमट्यांनी, त्याच कानशींनी जुन्या शर्यतीच्या गाड्यांची मॉडेलं करतो. इथे सांगतोय ती तामिया या जपानी कंपनीच्या १/१२ मापाच्या किटमधली १९६७ सालची फॉर्म्युला वन गाडी, लोटस ४९. किट पहिल्यांदा उघडलं तेव्हा आई पेटीवरचं चित्र बघून म्हणाली होती, "हाई काय शे रे? गाडीले छप्पर नई?" छप्पर नाही, इंजिनावर झाकण नाही, काहीच लपलेलं नाही. म्हणून तर ही गाडी करावीशी वाटते, आणि म्हणूनच ती अवघड आहे.

हात लावण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. या गाडीला मागची चौकट नाही. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन आणि आराखडे करणारा मॉरिस फिलिप यांनी चालकाभोवतीची ॲल्युमिनियमची पेटी त्याच्या पाठीशीच संपवली. कीथ डकवर्थने आखलेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे आठ सिलिंडरचं इंजिन त्या पेटीच्या पाठीला बोल्टने आवळलं. गिअरबॉक्स, स्प्रिंगा, मागची चाकं हा सगळा भार त्या इंजिनाने पेलला. ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झँडव्होर्टला गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने तीच शर्यत जिंकली.

मॉडेलातही मागची चाकं इंजिनावरच टांगलेली असतात. इंजिन पेटीला केसभर तिरकं बसलं, की ती चूक मागे चाकापर्यंत जाता जाता मोठी होते. पहिल्या गाडीत मी हा सांधा नुसत्या नजरेने लावला. सोन्यात नजर चुकत नाही, इथेही चुकणार नाही असं वाटलं. गाडी पुरी झाल्यावर काचेवर ठेवली, तर डावं मागचं चाक दोन मिलिमीटर अधांतरी. तेव्हा सगळं उखडावं लागलं.

त्यामुळे आता सुरुवात काचेच्या दुकानातून होते. आठ मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा घ्या, कडा घासून घ्या. त्याखाली आलेखाचा कागद ठेवा आणि लाल पेनाने मधली रेघ मारा. खऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २४१३ मिलिमीटर होतं. बाराने भागलं की २०१ येतात. तेवढ्या अंतरावर दोन आडव्या रेघा ओढा. पेटी, इंजिन, गिअरबॉक्स गोंद न लावता कागदी टेपने जोडा, चाकं नुसती अडकवा, आणि गाडी त्या रेघांवर उभी करा. चारही चाकं काचेला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर सांध्याचा उंचवटा कानशीने एकेक घासा देऊन उतरवा आणि पुन्हा बघा. मला यात दोन संध्याकाळी जातात.

गोंद लावताना सोनाराचा डाक, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडायचा वितळणारा धातू, आठवा. दोन कडा घट्ट भिडलेल्या असतील तर डाक आपोआप फटीत ओढला जातो. फट रुंद असेल तर कितीही डाक घाला, सांधा कच्चाच. प्लॅस्टिकचा पातळ गोंदही असाच चालतो. कडा भिडवून धरायच्या आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे सांध्याच्या जागी रंग असेल तर आधी खरवडून काढा. मी आणखी एक करतो. पेटी आणि इंजिन यांच्या मधे एक मिलिमीटरची दोन भोकं पाडून त्यात पितळी तारेचे खिळे घालतो. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

आता इंजिन. इथे मी सगळ्यात जास्त रमतो. किटमधले भाग साच्यातून येतात, त्यांच्यावर साच्याची बारीक रेघ असते. ती पात्याची धार आडवी धरून खरवडा, विशेषतः धुराड्याच्या नळ्यांवरची. प्रत्येक बाजूच्या चार नळ्या आपल्याच बाजूला राहून एकात मिळतात, एकही पलीकडे ओलांडत नाही, कारण या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, सपाट आहे, त्याचे सगळे बाक एकाच पातळीत आहेत. नळ्या उघड्यावर असल्याने त्यांवर राहिलेली रेघ लांबूनही दिसते.

मग स्पार्क प्लगच्या वायरी. खरी वायर साधारण सात मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याला ०.५८ हवी. ही तार शोधायला लांब जाऊ नका. आपल्याकडे विहिरी जितक्या, तितकीच पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं. तिथे २४ गेजची तांब्याची तार मागा, ती ०.५६ मिलिमीटर भरते. वर इनॅमलचा लेप असतोच. मला दुकानदाराने वीतभर तुकडे फुकट दिले. एक टोक पकडीत धरून दुसरं सावकाश ओढलं, की तार किंचित ताणते आणि सुतासारखी सरळ होते. बारीक ब्रेकच्या नळीसाठी मी तार जंत्रीतून, म्हणजे आमच्या तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून काढतो. तुमच्याकडे जंत्री नसेल तर २८ गेज घ्या, ०.३८ मिलिमीटर.

हातड्रिलने ०.६ची आठ भोकं पाडा, सिलिंडरांच्या दोन्ही रांगांवरच्या झाकणांच्या मधोमध चार-चार. वायर खरी असती तर स्वतःच्या वजनाने किती झुकली असती, तेवढाच बाक द्या. मी उदबत्तीच्या काडीवर वळवतो. काटकोनात मोडलेली तार बघितली की मला लगेच खेळणं दिसतं. तार बसवून झाल्यावर काळा मॅट रंग द्या, चमकदार नको.

रंगाची गोष्ट खानदेशात वेगळी आहे. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा एअरब्रशमधून उडालेला थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात लॅकर रंगावर ओलाव्याची पांढुरकी साय धरते. मी किटचं बाकी सगळं काम वर्षभर करतो, पण अंगाचा रंग मात्र डिसेंबर-जानेवारीतच, सकाळी आठ ते दहा. काळ्या मातीची धूळ अडवायला आधी खोलीत पाण्याचा हलका सडा मारतो, पंखा बंद करतो, आणि रंगवलेला भाग लगेच मोठ्या स्टीलच्या डब्याखाली झाकतो. तोंडाला मास्क हवाच, आणि खिडकी किंचित उघडी.

भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवा. राखाडी प्रायमर, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच. हिरवा रंग चार पातळ हातांत द्या, एकदाच जाड नको. ब्रिटिश रेसिंग ग्रीन डबीत असतो तसाच मारला तर छोट्या गाडीवर काळपट दिसतो, म्हणून मी त्यात दहा थेंबांना एक थेंब पिवळा घालतो. मधल्या पिवळ्या पट्ट्यासाठी डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, असेल तर वापरा, पण मला रंगवलेला पट्टा आवडतो. त्यासाठी आधी पिवळा, मग टेप, मग हिरवा. उलट केलंत तर पिवळ्याखालून हिरवा डोकावत राहतो.

जुनं किट घेतलं असेल आणि डिकलचा कागद पिवळा पडला असेल तर टाकून देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवा. आपलं ऊन चार-पाच दिवसांत पिवळेपणा उतरवतं. गाडीचे भाग मात्र उन्हापासून जपा. मी एकदा घासून तयार केलेली पेटी एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत दुपारभर विसरलो, तिची कड पिळवटली ती कायमचीच.

साल पक्कं धरा. १९६७च्या गाडीला पंख नाहीत, ते १९६८मध्ये आले. सिगारेटची लाल-सोनेरी जाहिरातही १९६८चीच. आसनाला चालकाचे सुरक्षा पट्टे लावायचा मोह होतो, पण तेव्हा बहुतेक चालक पट्टा बांधत नसत, फॉर्म्युला वनमध्ये तो सक्तीचा झाला १९७२ला. आसन मोकळंच ठेवा. झँडव्होर्टची गाडी करत असाल तर क्लार्कचा नंबर ५, त्याच संघातल्या ग्रॅहम हिलचा ६.

पुढची पारदर्शक काच झटपट सुकणाऱ्या गोंदाने कधीच लावू नका, त्याच्या वाफेने काचेवर धुकं बसतं आणि ते पुसून जात नाही. फेविकॉलचा थेंब काडीने लावा, सुकल्यावर दिसतही नाही.

टायर शेवटी. किटचे टायर मऊ विनाइलचे असतात. त्यांतलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि प्लॅस्टिकच्या रिमला खाऊन टाकतं, आपल्या उष्णतेत तर लवकरच. रिमवर टायर बसतो त्या जागेला रंगाचे दोन हात देऊन पूर्ण सुकवा, मगच टायर चढवा. गाडी काचेच्या पेटीत ठेवताना लाकडाचा छोटा ठोकळा पोटाखाली सरकवा, म्हणजे टायरांवर वजन येत नाही. उचलायची ती दोन बोटं गाडीच्या पेटीखाली घालून. इंजिनावरच्या, हवा आत घेणाऱ्या आठ तुताऱ्यांना धरून उचलली, तर हातात तुताऱ्याच येतील.