ऑडिओत यायचंय? मग आधी बोलणाऱ्या माणसाकडे माईक वळवा

ऑडिओत काम शोधणारे विद्यार्थी भेटले की मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : तुम्ही शेवटचं बोलणं कोणाचं रेकॉर्ड केलंत? बहुतेकांकडे उत्तर नसतं. बीट्स असतात, अर्धवट गाणी असतात, मित्राच्या बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग असतं, एकाच गिटारवर वेगवेगळे माईक लावून केलेली तुलनाही असते. पण अर्धा तास ऐकलं तरी कान शिणणार नाहीत, असं एखाद्या माणसाचं साधं स्वच्छ बोलणं नसतं. आणि नवख्याला पोटापुरतं काम मिळतं ते बहुतेक तिथेच.

मीही गाण्यासाठीच आलो होतो. शिकत होतो इलेक्ट्रॉनिक्स, जीव होता मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगमध्ये. पहिले पैसे मात्र मिळाले ते व्याख्यानांची रेकॉर्डिंग साफ करून देण्याचे. आज माझं मुख्य काम डायलॉग एडिटिंगचं आहे, म्हणजे चित्रपटांतले आणि मालिकांतले संवाद असे सांधायचे की सांधा कुणाला कळू नये. त्यामुळे पुढचं सगळं थोडं एकतर्फी वाटेल. वाटू दे.

गिटार कशी वाजावी याबद्दल ऐकणारा उदार असतो. जराशी खरखर असली तरी ती शैली म्हणून खपून जाते. माणसाच्या आवाजाला ही सवलत नाही, कारण तो आपण जन्मल्यापासून ऐकत आलोय. नाकात बोलल्यासारखा झाला, डब्यातून आल्यासारखा झाला, लांब गेला, की ज्याला ऑडिओतलं ओ की ठो कळत नाही तोही म्हणतो, ‘आवाज बरोबर नाही.’ का बरोबर नाही ते त्याला सांगता येत नाही. ते सांगता येणं हे आपलं काम. बोलण्यातला जोर असतो मुख्यतः स्वरांमध्ये, साधारण १ किलोहर्ट्‌झच्या खाली. शब्द कळतो तो मात्र बराचसा व्यंजनांमुळे, आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा बऱ्याच वर, २ किलोहर्ट्‌झच्या पुढे, अगदी क्षीण पातळीवर असतात. खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर, चुकीचा ईक्यू (खर्ज-तीव्र भाग वर-खाली करणं), जास्तीचा कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातला फरक आवळणारं साधन), सगळ्यांचा पहिला बळी तिथेच जातो. म्हणून बोलणं नीट रेकॉर्ड करायला शिकलात की खोली, माईक, अंतर आणि पातळी या चारही गोष्टी आपोआप शिकून होतात.

शास्त्राचा इतिहाससुद्धा याच वाटेने गेलेला आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्र्याला त्यावर उपाय शोधायला सांगितलं. उच्चारलेला शब्द तिथे पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. सॅबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, हातात स्टॉपवॉच धरून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. त्यातून खोलीचं आकारमान, आतलं शोषण आणि घुमण्याचा काळ यांचं जे सूत्र निघालं, ते आजही वास्तू-ध्वनिकीच्या पहिल्या धड्यात असतं. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलसाठी त्याने तेच वापरलं. आपण उठता-बसता ज्याचं नाव घेतो तो डेसिबलही टेलिफोनच्या तारेतली घट मोजण्यासाठी जन्माला आला. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये जो प्रबंध लिहिला, तोही एका प्रतिध्वनीचा बोलणं ऐकू येण्यावर काय परिणाम होतो यावरच होता. मोठ्या मैदानावर मागच्या स्पीकरना मुद्दाम उशीर देतात, तेव्हा हासचीच गोष्ट वापरात असते : थोडासा उशिरा आलेला तोच आवाज कान वेगळा मोजत नाही, आधी ज्या दिशेने आला तिथलाच धरतो.

आता हात काळे करायची गोष्ट. एक माणूस, एक माईक, एक परिच्छेद. तोंडापासून वीतभर अंतरावर वाचून घ्या, मग हातभर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिन्ही तुकड्यांची पातळी सारखी करा आणि डोळे मिटून ऐका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीतला परतीचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे लांब गेलात की आवाज नुसता लहान होत नाही, त्यात खोली वाढते, आणि एकदा मिसळलेली खोली पूर्णपणे काढता येत नाही. दिशादर्शी माईकच्या अगदी जवळ गेलात तर खर्ज फुगतो, तेही याच प्रयोगात कळेल. पुढे दोन माणसं आणि दोन माईक घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. एकाच माणसाचा आवाज दोन माईकवर तेवढ्या फरकाने पोचला आणि दोन्ही फेडर (मिक्सरवरच्या पातळीच्या सरकपट्ट्या) वर असले, तर ५०० हर्ट्‌झला खड्डा पडतो, मग १५००ला, मग २५००ला. ‘आवाज पोकळ येतोय’ अशी तक्रार चर्चासत्रांत सतत ऐकू येते. तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं, महागड्या माईकच्या अभावात नसतं. शेजारच्या माणसाचा माईक तोंडापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट लांब ठेवा, आणि ज्याची पाळी नाही त्याचा फेडर खाली घ्या. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

(भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवू नका. १०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. ट्रेने आणि पातळ फोमने तिला काहीही होत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसणं जास्त कामाचं.)

तांत्रिक बाजूत थोडक्या गोष्टी पक्क्या हव्यात. चित्रासोबत जाणाऱ्या कामाला सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. २४ बिटमध्ये मीटर शून्याला टेकवायची गरज नाही, सगळ्यात जोराचा शब्द उणे १० डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे. फाटलेला आवाज शिवता येत नाही, हळू आवाज वर आणता येतो. माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पिन १ म्हणजे शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. दोन तारांवर एकच सिग्नल उलटसुलट पाठवल्यामुळे वाटेत शिरलेला हम शेवटी कसा वजा होतो, हे कागदावर मांडून समजून घ्या आणि एक केबल स्वतः सोल्डर करा. केबलमधूनच माईकला वीज पुरवणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू-बंद करताना स्पीकर म्यूट. बाकी गेनपासून (माईकचा सिग्नल आत घेतानाची वाढ) फेडरपर्यंत पातळी कुठे वाढवायची आणि कुठे नाही, हे लाइव्ह कार्यक्रमात पाठीमागे उभं राहिल्यावर जितकं लवकर कळतं तितकं व्हिडिओ बघून कळत नाही.

लाउडनेसबद्दल, म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्या कानाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. कोणताही आवाज थोडा मोठा केला की तो ‘चांगला’ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की कानाची खर्जाबद्दलची संवेदनशीलता पातळीप्रमाणे बदलते. हळू ऐकताना खर्ज हरवतो, वाढवला की परत येतो. त्यामुळे प्लगइन (सॉफ्टवेअरमधलं आवाज बदलणारं साधन) लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर आणून तुलना केली नाही, तर तुम्ही प्लगइनला दाद देत नसून निव्वळ वाढलेल्या डेसिबलला देत असता. प्रसारणाच्या जगाने हा घोळ मोजमापाने आवरला. युरोपीय प्रसारकांच्या संघटनेची आर १२८ ही शिफारस २०१० मध्ये आली, तिचं लक्ष्य उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक). अमेरिकेतल्या टीव्हीसाठी उणे २४. ऑडिओबुकचं काम घेणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्सच्या अटी वेगळ्या : आरएमएस (सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३च्या खाली, खोलीचा गोंगाट उणे ६०च्या खाली. घरी बसून दहा मिनिटांचं वाचन या अटींत बसवून बघा. पहिले दोन आकडे कॉम्प्रेसर-लिमिटरने सांभाळता येतात. तिसरा आकडा तुमच्या खोलीचं खरं रूप दाखवतो.

मग यातून करिअर कसं होतं? मला पहिल्या मुलाखतीत पदवीबद्दल कोणी विचारलं नाही. एक वाक्य ऐकवलं आणि म्हणाले, यात कात्री कुठे लागलीये? मला जागा सापडली, कारण मागे खोलीचा आवाज किंचित बदलला होता. पुढे सीनियर एडिटरने शिकवलं की सांधा लपवायची उत्तम जागा म्हणजे स्पर्श व्यंजनाच्या आधीची क्षणभराची बंद जागा. क, ट, त, प उच्चारण्याआधी हवा अडते आणि तिथे जवळजवळ शांतता असते. शाळेच्या व्याकरणातला कंठ्य-तालव्य-मूर्धन्यचा तक्ता टाइमलाइनवर इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ‘स’ किंवा ‘श’ चालू असताना कापाल तर पकडले जाल. आणि मोकळ्या जागा भरायला त्याच खोलीचा रूम टोन लागतो, म्हणून कुठेही रेकॉर्डिंगला गेलात की सगळ्यांना गप्प करून एक मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करा. लोक वैतागतील. करा तरीही.

बोलण्याभोवतीची कामं गाण्याच्या स्टुडिओपेक्षा पुष्कळ पसरलेली आहेत. शूटिंगवर बूम (लांब दांड्यावरचा माईक) धरणारा आणि लोकेशन साउंड मिक्सर, डबिंग, डायलॉग एडिट, पॉडकास्ट, ऑडिओबुक, बातम्यांचं आणि खेळांचं प्रसारण, परिषदांचं लाइव्ह साउंड, गेममधले संवाद. गणिताची आवड असेल तर वेगळंच दार उघडतं : श्रवणयंत्रं, आवाज ओळखणारी यंत्रणा, कोडेक (आवाज कमी डेटात दाबून पाठवायची पद्धत). इंटरनेटवरच्या कॉलमध्ये सर्रास वापरला जाणारा ओपस कोडेक २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्यात स्काइपचा बोलण्यासाठीचा सिल्क आणि संगीतासाठी घडवलेला सेल्ट असे दोन्ही धागे विणलेले आहेत. असलं काम करणाऱ्यालाही कानच लागतो, फक्त हातात फेडरऐवजी कोड असतो.

म्हणून कोर्स निवडण्याआधी आपलं वेड कसलं आहे ते तपासा. उपकरणाच्या आत काय चाललंय याची उत्सुकता असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा सिग्नल प्रोसेसिंग. खोलीची असेल तर भौतिकशास्त्र आणि ध्वनिकी. सादरीकरणाची असेल तर रेकॉर्डिंगचा कोर्स. संगीत आणि अभियांत्रिकी एकत्र शिकवणारी टोनमाइस्टर परंपराही आहे. जर्मनीत डेटमोल्डला ती १९४९पासून चालते, ब्रिटनमध्ये सरे विद्यापीठात १९७०पासून. प्रवेशाला वाद्य आणि गणित दोन्ही लागतं, त्यामुळे तयारी शाळेतच सुरू करावी लागते. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी, म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेली एईएस, विद्यार्थ्यांना सभासद करून घेते आणि विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डिंगची स्पर्धाही भरवते. तिथे परीक्षक सगळ्यांसमोर तुमच्या मिक्सची चिरफाड करतात, जी एरवी पैसे देऊनही मिळत नाही. मोठं कर्ज काढून सहा महिन्यांचा चकचकीत डिप्लोमा करण्याच्या मी विरोधात आहे. जिथे सुटीच्या दिवशीही स्टुडिओ वापरायला मिळतो आणि मोजक्या विद्यार्थ्यांवर एक शिक्षक असतो, तिथे जायचा विचार करा. ब्रोशरवर कन्सोल किती लांबीचा दिसतो याला महत्त्व देऊ नका.

गोंगाट काढणारी एआयची साधनं आल्यामुळे हे काम संपेल का, असं हल्ली सगळे विचारतात. मी ती रोज वापरतो. व्यंजनांच्या टोकांना ती कुठे कुरतडतात हे ऐकू येणाऱ्याच्या हातात ती उत्तम. ज्याला ते ऐकू येत नाही, त्याचं काम खरोखरच धोक्यात आहे.

कान जपा. अमेरिकेच्या एनआयओएसएच या व्यावसायिक आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मी होते : ८८ला चार तास, १००ला पंधरा मिनिटं. लाइव्ह काम करणार असाल तर कानाच्या मापाचे इअरप्लग ही पहिली खरेदी, माईक नंतर.

काम मागताना शोरील (आपल्या कामाचे नमुने) दोन मिनिटांच्या आत ठेवा. आधीचा आवाज आणि तुम्ही केल्यानंतरचा, दोन्ही सारख्या पातळीवर, आणि खाली एका ओळीत नेमकं काय केलंत ते. विद्यार्थ्यांच्या लघुपटांना संवाद रेकॉर्ड करणारा कोणी मिळत नसतो, कारण सगळ्यांना कॅमेरा धरायचा असतो. तिथून सहज नमुने जमतील. फाइलच्या नावात तारीख, दृश्य आणि टेक लिहा. ‘फायनल_नवीन_२’ असलं नाव पाठवणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. कच्च्या फाइल दोन ठिकाणी जपा, काम संपल्यावरही काही महिने. आणि पैशांचं बोलताना तासांवर न जाता तयार मिनिटांवर दर सांगा, किती फेऱ्यांचे बदल त्यात धरलेत ते मेलमध्ये लिहून पाठवा, आणि कबूल करण्याआधी कच्च्या रेकॉर्डिंगचा तुकडा मागवून ऐका. रेकॉर्डिंग घुमणारं असेल तर त्याचा दर वेगळा लावा.