‘जुजुत्सु काइसेन’ पहिल्यांदा वाचताना: कोठून सुरुवात करावी आणि काय लक्षात ठेवावे

गेगे अकुतामी या टोपणनावाने वावरणाऱ्या चित्रकाराची ‘जुजुत्सु काइसेन’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका शुएइशा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी २७१व्या प्रकरणाने संपली. माणसांच्या भीतीतून, द्वेषातून आणि पश्चात्तापातून पाझरणारी शक्ती साचत जाऊन तिचे दुष्ट आत्मे बनतात, आणि तोक्योतील एका विशेष शाळेचे किशोरवयीन विद्यार्थी त्यांच्याशी लढतात, एवढे कथानक कोणीही सांगेल. मात्र ही मालिका हाणामारीचे चित्रपुस्तक समजून भराभर पाने उलटणारा वाचक पाच-सहा खंडांतच गोंधळतो. ती सावकाश आणि तिच्या नियमांकडे लक्ष ठेवून वाचावी लागते.

सर्वप्रथम पानाची दिशा. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो. अधिकृत इंग्रजी आवृत्तीतही हीच मांडणी कायम आहे. आपल्या सवयीने जे मलपृष्ठ वाटते तेथून पुस्तक उघडावे, पानावरची वरची उजवी चौकट आधी घ्यावी, मग तिच्या डावीकडची, आणि त्यानंतर खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून आरंभ करावा. चौकटीच्या आतील संवादांचे फुगेही याच क्रमाने वाचावेत, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा प्रकार होतो. चौकटींच्या भोवतीची जागा पांढरीऐवजी काळी दिसली, तर बहुधा भूतकाळातील प्रसंग चालू आहे असे समजावे.

त्यानंतर कोणता खंड आधी घ्यावा हे ठरवावे. एकूण खंड ३० आहेत, पण त्यांच्याबाहेर एक ‘शून्य’ क्रमांकाचा खंडही आहे. त्यातील चार प्रकरणे २०१७ मध्ये, म्हणजे मूळ मालिकेच्या आधी प्रसिद्ध झाली होती आणि त्यांतील कथाही साधारण वर्षभर आधी घडते. काही जण तो मागाहून वाचायला सांगतात. माझे मत उलट आहे. शून्य खंडाचा शेवट ठाऊक असेल तरच मूळ मालिकेत एक विशिष्ट पात्र समोर येताच वाचक दचकतो, आणि पुढे कित्येक खंड पुरणारे कोडे त्याच क्षणी सुरू होते. पुस्तक छोटे आहे, एका संध्याकाळी संपते. ते आधी वाचावे.

पहिल्या खंडात युजी इतादोरी हा सेन्दाईतील मुलगा सुकुना नावाच्या महाभयंकर आत्म्याचे जपून ठेवलेले बोट गिळतो आणि सुकुना त्याच्याच शरीरात जागा होतो. अशी बोटे एकूण २० आहेत. येथे वाचण्याचा वेग कमी करावा आणि एक कागद जवळ ठेवावा. आत्मे आणि त्यांच्याशी लढणारे मांत्रिक यांची चौथ्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत आणि तिच्याही वर ‘विशेष’ श्रेणी अशी उतरंड आहे, ती नोंदवावी. प्रत्येक पात्राचे तंत्र एका ओळीत लिहावे. मेगुमी फुशिगुरो सावल्यांतून प्राणी उभे करतो, नोबारा कुगिसाकी हातोडी, खिळे आणि गवताची बाहुली वापरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लढाई रंगात आलेली असताना पात्रे मध्येच थांबून आपले तंत्र शत्रूला समजावून सांगतात, आणि नवखा वाचक नेमके तेच फुगे गाळतो. परंतु या कथेत स्वतःचे गुपित उघड करणे हा एक प्रकारचा करार आहे: काहीतरी गमावण्याची तयारी दाखवली की त्या बदल्यात तंत्राचे बळ वाढते. त्यामुळे ते स्पष्टीकरण हाच लढाईतला एक डाव असतो. स्वतःवर घातलेली बंधने आणि त्यातून मिळणारी ताकद हा हिशेब एकदा कळला की पुढच्या बहुतेक लढतींचा निकाल वाचकाला तर्काने जोखता येतो. शाळेतील शिक्षक सातोरु गोजो याच्या तंत्रात तर अकिलीस आणि कासवाचा जुना विरोधाभास आहे. त्याच्याकडे येणारी वस्तू अंतर कापत राहते, पण पोहोचत नाही. गणितातील अनंत श्रेणी शिकलेल्या वाचकाने हा भाग चवीने वाचावा.

मराठी वाचकाने हातांच्या मुद्रांकडेही पाहावे. मांत्रिक आपले ‘क्षेत्र’, म्हणजे स्वतःच्या तंत्राने भारलेले अवकाश, उघडताना जी मुद्रा करतात ती बौद्ध परंपरेतील असते. गोजोची मुद्रा ताइशाकुतेनची, म्हणजे आपल्या इंद्राची; सुकुनाची एन्मातेनची, म्हणजे यमाची. या देवता भारतातून चीनमार्गे जपानला गेल्या. मेगुमीच्या सावल्यांतील एका प्राण्याचे ‘महोरग’ हे नाव तर सरळ संस्कृत आहे. खुद्द र्योमेन सुकुना हे नाव इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात सापडते. तेथे तो हिदा प्रांतातील दोन तोंडांचा, चार हातांचा बंडखोर आहे, आणि त्याच हिदा भागात लोक त्याला आजही आदराने आठवतात.

दहाव्या खंडापासून सोळाव्यापर्यंत तोक्योतील शिबुया परिसराचा भाग चालतो. सगळे ३१ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री, शिबुया स्थानकाच्या आत आणि आसपास घडते. अनेक गट वेगवेगळ्या मजल्यांवर एकाच वेळी लढत असतात. चौकटीत दिलेली वेळ आणि मजला कागदावर टिपत गेल्यास धागा सुटत नाही. हिंसाही येथून फार वाढते, म्हणून शाळकरी मुलांच्या हाती हे खंड देण्याआधी पालकांनी स्वतः चाळावेत.

त्यापुढे पात्रे एका जीवघेण्या स्पर्धेत उतरतात; तिचे नियम रुक्ष वाटतील. मांत्रिकाला मारल्यास ५ गुण, सामान्य माणसाला मारल्यास १, आणि १०० गुण झाले की स्पर्धेत नवा नियम घालता येतो, एवढे ध्यानात ठेवावे. बाकीचे नियम गरज पडली की मागे जाऊन पाहावेत.

२९वा आणि ३०वा खंड जपानमध्ये २५ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रच आले. साप्ताहिकातील प्रकरणे वाचून ज्यांनी मालिका संपवली असेल, त्यांनीही ३०वा खंड जरूर मिळवावा, कारण साप्ताहिकात न आलेली उपसंहाराची पाने त्यात आहेत.